डार्ट सॅसच्या टेस्ट परत परत लाल होतायत? कोड उघडायच्या आधी हे बघा

डार्ट सॅस म्हणजे सॅस भाषेत लिहिलेल्या स्टाइलशीटचं सीएसएस करून देणारा कंपायलर. लक्षण असं. डार्ट सॅसचा रेपो क्लोन केला, एखादा छोटासा बग दुरुस्त केला, हाताने एक स्टाइलशीट कंपाइल करून बघितली तर सीएसएस अगदी हवं तसं आलं, आणि मग टेस्ट चालवल्या तर धडाधड लाल, म्हणजे फेल. नाहीतर बरोबर उलट, आणि ते जास्त वाईट: आपल्या मशीनवर सगळं हिरवं, पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडात घ्या अशी विनंती) टाकली की सीआयवर (तिथे आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) लाल. ते कसंबसं निस्तरलं, दोन आठवड्यांनी दुसऱ्या ब्रांचवर गेलो की पुन्हा तेच. आणि दर वेळी वाटतं आपल्याच बदलात काहीतरी चुकलंय, मग माणूस इव्हॅल्युएटरच्या (स्टाइलशीटमधली गणितं, फंक्शनं वगैरे चालवणाऱ्या भागाच्या) कोडात डोकं घालून बसतो आणि आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा कारभार सुरू होतो.

मी स्वतः ह्यात एक अख्खा रविवार घालवलाय. रंगांच्या एका फंक्शनमध्ये किरकोळ बदल होता, टर्मिनलमध्ये नुसतं सॅस टाइप करून फाइल कंपाइल करत होतो आणि काही केल्या जुनंच आउटपुट येत होतं. प्रिंट टाकली, दिसेना. दुसऱ्या ठिकाणी टाकली, तिथेही दिसेना. शेवटी संध्याकाळी सहज व्हर्जन विचारलं तर कळलं की कधीकाळी एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजं टाकायच्या टूलने) ग्लोबल टाकून ठेवलेली सॅस चालतेय, मी ज्या फोल्डरमध्ये कोड बदलतोय त्याचा आणि तिचा काडीचा संबंध नाही. माझा बदल सकाळी पहिल्या अर्ध्या तासातच बरोबर झाला होता.

तेव्हापासून टेस्ट लाल झाली की मी "कोडात काय चुकलं" असं आधी विचारत नाही. आत्ता नेमका कुठला कंपायलर चालला आणि त्याचं आउटपुट कुठल्या अपेक्षेशी ताडून बघितलं गेलं, एवढंच आधी विचारतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या खोड्या आहेत. (कमांड बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

आधी हे समजून घ्या की गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत

नवीन माणसाला वाटतं एक रेपो क्लोन केला की झालं. पण सॅसमध्ये तसं नाहीये आणि त्याला कारण आहे. सॅस २००६ मध्ये आली तेव्हा रुबीत होती, नंतर सी++ मधली लिबसॅस आली, मग डार्ट भाषेत लिहिलेली डार्ट सॅस, जिचं १.०.० हे व्हर्जन २०१८ मध्ये निघालं. म्हणजे एकच भाषा आणि एकाच वेळी तीन कंपायलर, तिघांनी एकाच इनपुटला एकच आउटपुट द्यायचं तर टेस्ट कोणाच्या रेपोत ठेवणार? म्हणून त्या वेगळ्याच ठेवल्या, त्या रेपोचं नाव सॅस-स्पेक. पुढे रुबी सॅसचा सपोर्ट २६ मार्च २०१९ ला संपला, लिबसॅस ऑक्टोबर २०२० मध्ये डेप्रिकेट झाली (म्हणजे आता वापरू नका असं जाहीर झालं), त्यामुळे नवीन काम आता डार्ट सॅसवरच होतं. पण टेस्टची मांडणी तशीच राहिली आणि माझ्या मते ते चांगलंच झालं, कारण अपेक्षा आणि कोड वेगळ्या जागी असले की कोडाच्या सोयीने अपेक्षा वाकवायचा मोह जरा कमी होतो.

तर भाषेच्या वागण्याच्या टेस्ट सॅस-स्पेकमध्ये. कमांड लाइनचे पर्याय वगैरे कंपायलरच्या स्वतःच्या गोष्टींच्या टेस्ट डार्ट सॅसच्या रेपोत, टेस्ट फोल्डरमध्ये. आणि तिसरा रेपो भाषेचा, ज्यात भाषेचं लिखित वर्णन, नवीन फीचरचे प्रस्ताव, जावास्क्रिप्ट एपीआयची व्याख्या आणि एम्बेडेड कंपायलरचा (दुसऱ्या भाषांतल्या प्रोग्रॅममधून वापरायच्या कंपायलरचा) प्रोटोकॉल आहे. ह्या तिघांतला एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की लाल. तुम्ही कंपायलर आज पुल केला आणि स्पेकचा रेपो तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर एकही अक्षर न बदलता टेस्ट फेल होणारच, त्यात तुमचा काही दोष नाही.

म्हणून सगळ्यात आधी, काहीही बदलायच्या आधी, मेन ब्रांचवर दोन्ही रेपो ताजे करा, डार्ट सॅसमध्ये डार्ट पब गेट आणि स्पेकमध्ये एनपीएम इन्स्टॉल चालवा (दोन्ही लागणारी पॅकेजं आणतात), आणि सगळ्या स्पेक, म्हणजे सॅस-स्पेकमधल्या टेस्ट, एकदा चालवून किती लाल आहेत ते लिहून ठेवा. शून्य असायला हवेत. नसतील तर तो प्रश्न आधी सोडवा. हे न करता काम सुरू केलं की नंतर कुठली टेस्ट आपण मोडली आणि कुठली आधीच मोडलेली होती हे कळायला मार्ग उरत नाही. डार्ट पब गेट विसरलात तर एरर भलत्याच पॅकेजच्या नावाने येतो, सॅसशी संबंध नसलेला, त्यामुळे अजूनच गोंधळ. आणि डार्टचं एसडीके जुनं असेल तर पबस्पेक फाइलमध्ये लिहिलेली किमान आवृत्ती आड येते, तो मेसेज मात्र स्पष्ट असतो.

मुद्दाम मोडून बघा

ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आणि हिला एक मिनिटही लागत नाही. तुम्ही ज्या फंक्शनमध्ये बदल केलाय त्याच्या पहिल्याच ओळीवर एक एक्सेप्शन फेका, काहीही मजकूर द्या, आणि जी टेस्ट चालवत होतात तीच, त्याच कमांडने पुन्हा चालवा. आता तिथे धुमाकूळ व्हायला हवा. झाला तर ठीक, तुमचाच कोड चालतोय, आता खुशाल लॉजिक तपासा. काहीच फरक पडला नाही, टेस्ट आधी होती तशीच लाल किंवा, देव न करो, तशीच हिरवी राहिली, तर तुमचा कोड चालतच नाहीये आणि पुढचा सगळा वेळ भुई धोपटण्यात जाणार.

मग कुठला चालतोय? हे टेस्ट कुठल्या मार्गाने चालवता त्यावर आहे आणि इथेच लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते.

सॅस-स्पेकच्या फोल्डरमधून एनपीएम रन सॅस-स्पेक, मग दोन डॅश, मग --डार्ट आणि डार्ट सॅसच्या फोल्डरचा पत्ता, असं चालवलं तर रनर (टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) तुमच्या फोल्डरमधला सोर्स थेट चालवतो, वेगळं बिल्ड लागत नाही. इथे चूक होते ती पत्त्याची. क्लोनच्या दोन प्रती असतात, एक फोर्कची आणि एक मूळची, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जुन्या प्रतीचा पत्ता राहिलेला असतो. शेवटी एखाद्या फोल्डरचं नाव दिलं तर तेवढ्याच स्पेक चालतात, रंगांवर काम करताय तर रंगांचं फोल्डर द्या, दर वेळी हजारो टेस्ट चालवत बसू नका.

जावास्क्रिप्ट एपीआयच्या टेस्ट मात्र तशा नाहीत. त्यांची कमांड वेगळी, एनपीएम रन जेएस-एपीआय-स्पेक, आणि तिला --सॅसपॅकेज म्हणून जो पत्ता देतो तो असतो डार्ट सॅसच्या बिल्ड फोल्डरमधल्या एनपीएम फोल्डरचा. म्हणजे तयार झालेल्या पॅकेजचा. तुम्ही डार्टचा कोड बदलला आणि पॅकेज परत बनवलं नाही तर इथे कालचा कंपायलर चालतो, आणि चालतो तोही अगदी गुपचूप, कुणी काही बोलत नाही. दर बदलानंतर डार्ट रन ग्राइंडर पीकेजी-एनपीएम-डेव्ह चालवायलाच लागतं (ग्राइंडर म्हणजे बिल्डची कामं करणारं टूल). मी तर दोन्ही कमांड एका ओळीत जोडून शेलमध्ये एक छोटं टोपणनाव देऊन ठेवलंय, म्हणजे विसरायचा प्रश्नच नको.

तिसरा मार्ग डार्ट सॅसच्या स्वतःच्या टेस्ट. ह्यातल्या कमांड लाइनच्या टेस्ट बिल्ड झालेल्या एक्झिक्युटेबलवर चालतात, पण इथे एक चांगली सोय आहे, सोर्सपेक्षा बिल्ड जुनं दिसलं की टेस्ट सरळ सांगते की बिल्ड शिळं आहे, अमुक कमांड चालवा. आता हे शिळं की ताजं फाइलच्या तारखेवरून ठरतं, आणि गिटमध्ये ब्रांच बदलली की बदललेल्या फाइलींच्या तारखा आत्ताच्या होतात. म्हणून "मी तर कशालाच हात लावला नाही" असं होतं. ब्रांच बदलली, बास, तेवढ्याने सगळं शिळं. बिल्ड पुन्हा करा, पुढे चला. सगळंच एकदम ताजं करायचं असेल तर डार्ट रन ग्राइंडर बिफोर-टेस्ट आहे, जे लागेल ते सगळं बनवतं, फक्त वेळ खातं. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टेस्टमध्ये पडायचंच नसेल तर डार्ट रन टेस्ट -एक्स नोड असं चालवून त्या वगळता येतात, सुरुवातीला मी तेच करतो.

जी फाइल तुम्ही बदलली ती खरी नाहीच

हा प्रकार इतका हमखास होतो की ह्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. तुम्ही इव्हॅल्युएट नावाची फाइल उघडता, व्हिजिटर फोल्डरमधली, त्यात बग सापडतो, दुरुस्त करता, तुमची टेस्ट पासही होते. मग सगळ्या टेस्ट चालवल्या की सिंक्रोनाइझ नावाची एक टेस्ट लाल होते आणि म्हणते फाइल कालबाह्य आहे, ग्राइंडर चालवा. तुम्ही आज्ञाधारकपणे ग्राइंडर चालवता. आणि तुमचा बदल गायब.

गंमत अशी की ती फाइल माणसाने लिहिलेलीच नसते. डार्ट सॅसला कंपायलर दोन रूपांत लागतो, एक सिंक आणि एक असिंक, कारण जावास्क्रिप्टमधून कोणी इम्पोर्टर (इम्पोर्ट केलेली फाइल शोधून देणारा कोड) किंवा फंक्शन असं देऊ शकतं की ज्याचं उत्तर प्रॉमिस म्हणून नंतर येतं. पण सगळंच असिंक केलं तर साध्या कामाचा वेग मार खातो. म्हणून खरा कोड असिंक-इव्हॅल्युएट ह्या फाइलमध्ये लिहितात आणि तिच्यातले असिंक-अवेट काढून इव्हॅल्युएट ही फाइल आपोआप तयार करतात. कंपाइल, एन्व्हायर्नमेंट आणि इम्पोर्ट-कॅश ह्यांच्या बाबतीतही हीच जोडी आहे. फाइलच्या अगदी वर मोठ्या अक्षरांत बदलू नका असं लिहिलेलं असतं, पण एडिटरने सर्चमधून थेट आठशेव्या ओळीवर नेऊन सोडलं की वरचं कोण वाचतंय.

उपाय सोपा आहे. नावात असिंक असलेलीच फाइल बदला आणि डार्ट रन ग्राइंडर चालवा, नुसतं, पुढे काही न लिहिता, तेवढ्यात फॉरमॅटिंगही होतं आणि जोडीची फाइलही बनते. दोन्ही फाइली कमिट करा. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला तर आपोआप बनलेल्या फाइलमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवत बसू नका, असिंकवालीतला सोडवा आणि दुसरी पुन्हा बनवा. विंडोजवर काम करत असाल तर गिटची लाइन एंडिंग बदलायची सवय बंद करा, कारण इथे मजकुराशी मजकूर ताडतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर वाढलं तर डोळ्यांना दोन्ही फाइली सारख्याच दिसणार.

दुसरी बनलेली फाइल म्हणजे प्रोटोकॉल बफरची (प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती पाठवायचा ठरलेला साचा). एम्बेडेड कंपायलर आधी वेगळ्या रेपोत होता, २०२३ मध्ये १.६३.० पासून मुख्य डार्ट सॅसमध्येच आला. त्याच्या प्रोटोकॉलच्या डार्ट फाइली गिटमध्ये ठेवलेल्या नसतात, त्या आपल्या मशीनवर बनवाव्या लागतात, डार्ट रन ग्राइंडर प्रोटोबफ, आणि त्याला बफ नावाचं टूल आधी टाकलेलं लागतं. ताजा क्लोन केल्या केल्या काहीच कंपाइल होत नाही आणि एररमध्ये पीबी डॉट डार्ट असं शेपूट असलेली फाइल सापडत नाही असं म्हणतात, तर ते हेच. दुसरं काही शोधू नका.

कंपायलर बरोबर आहे, मग अपेक्षाच चुकली असेल

आता समजा मोडून बघितलं, आपलाच कोड चालतोय ह्याची खात्री झाली, तरी नवी स्पेक लाल आहे. मग स्पेक कशी लिहिलीये ते बघा.

स्पेक एचआरएक्स नावाच्या फाइलींमध्ये असतात. एकाच टेक्स्ट फाइलमध्ये अनेक छोट्या फाइली, प्रत्येकीच्या आधी एक सीमारेषा, म्हणजे उघडा कोन, काही बरोबरची चिन्हं, बंद कोन आणि पुढे फाइलचं नाव. इनपुट एका नावाने, अपेक्षित सीएसएस आउटपुट नावाने, एरर अपेक्षित असेल तर आउटपुटऐवजी एरर नावाने, आणि वॉर्निंग अपेक्षित असेल तर तीही वेगळ्या नावाने. एका फाइलमधल्या सगळ्या सीमारेषांत बरोबरची चिन्हं सारखीच हवीत, एकात चार आणि दुसऱ्यात तीन झाली की ती रेषा सीमा न राहता आधीच्या फाइलचा मजकूर होऊन बसते. मग रनर भलत्याच फाइलबद्दल तक्रार करतो.

आणि सीमारेषेच्या लगेच आधीची नवी ओळ ही आधीच्या फाइलचा भाग धरत नाहीत, ती सीमारेषेची. फाइलच्या शेवटी नवी ओळ हवीच असेल तर मध्ये एक रिकामी ओळ सोडावी लागते. बहुतेक वेळा ह्याने काही बिघडत नाही, कारण आउटपुट ताडताना रिकाम्या ओळींच्या फरकाकडे रनर काणाडोळा करतो, पण फाइल अचानक संपली तर पार्सर काय करतो असलं काही तपासत असाल तर ह्याच एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

एररच्या स्पेकमध्ये मात्र नव्वद टक्के लोक एकदा तरी आपटतात (टक्केवारी माझी अंदाजे, मनावर घेऊ नका). टर्मिनलमध्ये सॅसचा एरर छान रेघांच्या चौकटीत येतो, उभी रेघ, वर एक कोपरा, खाली एक कोपरा. ती चिन्हं युनिकोडची असतात. स्पेकमध्ये तोच एरर साध्या अक्षरांत लिहितात, वरच्या कोपऱ्याला स्वल्पविराम, उभ्या रेघेला पाइप, खालच्या कोपऱ्याला एकेरी अवतरण. तुम्ही टर्मिनलमधून कॉपी करून एररच्या फाइलमध्ये चिकटवलं की मजकूर तंतोतंत तोच असूनही लाल, आणि डिफमध्ये (दोन मजकुरांतला फरक दाखवतात त्यात) नुसत्या रेघांच्या जागी रेघा दिसतात. एररचा मजकूर हाताने लिहायच्या भानगडीत न पडता रनरलाच लिहू द्या: कमांडला --इंटरॅक्टिव्ह जोडलं की फेल झालेल्या प्रत्येक टेस्टला रनर थांबून विचारतो काय करू, इनपुट दाखवू की डिफ दाखवू की अपेक्षित आउटपुट बदलू.

पण हे इंटरॅक्टिव्ह प्रकरण दुधारी आहे. चाळीस टेस्ट लाल झाल्या की दहावीनंतर बोट आपोआप "आउटपुट बदल" वर जायला लागतं, डिफ वाचायचा कंटाळा येतो, आणि आपण आपल्याच बगला अधिकृत अपेक्षा म्हणून नोंदवून मोकळे होतो. रिव्ह्यू करणाऱ्याच्या लक्षात आलं तर ठीक. माझा स्वतःपुरता नियम असा आहे की मी जिथे बदल केला त्या फीचरच्या बाहेरची एकही स्पेक इंटरॅक्टिव्हमधून बदलायची नाही, ती का लाल झाली हे आधी एका वाक्यात स्वतःला सांगता आलं पाहिजे. टुडूची (हे नंतर करायचंय अशी) खूण करायचा पर्यायही तिथेच असतो, त्याने ती टेस्ट साध्या रनमध्ये चालतच नाही. लिबसॅस होती तेव्हा त्याचा खूप उपयोग होता, एक कंपायलर मागे असायचाच. आता आपल्याला जमलं नाही म्हणून टुडू टाकणं म्हणजे धूळ सतरंजीखाली लोटणं.

वॉर्निंगचंही असंच. समजा तुम्ही जुनी स्पेक नवीन कंपायलरवर चालवताय आणि सीएसएस अगदी बरोबर आहे तरी लाल. बहुतेक वेळा मध्ये एखादं डेप्रिकेशन आलेलं असतं. १.३३.० पासून स्लॅशने भागाकार केला की वॉर्निंग येते, २०२४ मधल्या १.८०.० पासून इम्पोर्टला येते, आणि अपेक्षित वॉर्निंग स्पेकमध्ये नसली की रनरच्या लेखी ती चूकच. नवीन स्पेक लिहिताना इम्पोर्ट ऐवजी यूज वापरा, भागाकाराला मॅथ मॉड्यूलचं डिव्ह वापरा, म्हणजे ज्याची टेस्ट आहे त्याव्यतिरिक्त दुसरा आवाजच येणार नाही.

माझ्याकडे हिरवं, सीआयवर लाल

ह्यात तीन-चार नेहमीचे गुन्हेगार आहेत.

पहिला म्हणजे डार्ट व्हीएम (डार्टचा कोड थेट चालवणारं इंजिन) आणि जावास्क्रिप्ट ह्यांच्यातला आकड्यांचा फरक. डार्ट सॅस दोन्हीकडे चालते, थेट व्हीएमवर आणि जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल होऊन नोडवर. व्हीएमवर पूर्णांक आणि दशांश हे वेगळे टाइप आहेत, १.० हा पूर्णांक नाही. जावास्क्रिप्टमध्ये सगळे एकाच प्रकारचे, तिथे १.० ला पूर्णांक आहेस का विचारलं तर हो म्हणतो, आणि छापताना १ छापतो, व्हीएम १.० छापतो. तुम्ही कोडात कुठे टाइप बघून निर्णय घेतलात, किंवा आकडा थेट स्ट्रिंगमध्ये घातलात, की इकडे पास तिकडे फेल. बिट सरकवायच्या क्रियासुद्धा जावास्क्रिप्टमध्ये ३२ बिटांपुरत्याच. सॅसमध्ये आकडे दशांशानंतर १० अंकांपर्यंत छापतात, त्यामुळे एक भागिले तीन म्हटलं की स्पेकमध्ये दहा तिनं मोजून लिहायची, अकरा नाहीत. आकड्यांची तुलना करायला डार्ट सॅसमध्ये तयार फंक्शन आहेत जी बारीक फरक माफ करतात, तीच वापरा, थेट बरोबरच्या चिन्हाने दशांश ताडू नका.

दुसरा, फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. मॅक आणि विंडोजची फाइल सिस्टिम साधारणपणे हा फरक मानत नाही, लिनक्स मानते. सीआय तिन्हीवर चालतो. म्हणजे तुमच्या मॅकवर चुकीच्या केसमध्ये लिहिलेलं यूज बिनबोभाट चालणार आणि लिनक्सच्या रनवर फाइल सापडली नाही म्हणणार. पाथमधल्या तिरक्या रेघा विंडोजवर उलट्या असतात, तेही तिथेच उघडं पडतं.

तिसरा सगळ्यात साधा, आणि नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून सगळ्यात जास्त छळणारा. तुमचा बदल कंपायलरमध्ये आहे आणि त्याची स्पेक दुसऱ्या रेपोत, म्हणजे पुल रिक्वेस्ट दोन. कंपायलरवाल्या पुल रिक्वेस्टचा सीआय जर स्पेकच्या मेन ब्रांचवर चालला तर तिथे तुमची नवी अपेक्षा नाहीच, जुनीच आहे, लाल. आणि स्पेकवाल्या पुल रिक्वेस्टचा सीआय कंपायलरच्या मेन ब्रांचवर चालला तर त्यात तुमचा बदल नाही, तोही लाल. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. ह्याची सोय केलेली आहे: कंपायलरवाल्या पुल रिक्वेस्टच्या वर्णनात स्पेकवाल्या पुल रिक्वेस्टचा उल्लेख रेपोच्या नावासकट आणि नंबरसकट करायचा, सीआय तो वाचून तीच ब्रांच ओढतो. आणि स्पेकवाल्या बाजूला चौकटी कंसात स्किप डार्ट-सॅस असं लिहायचं म्हणजे तिथला डार्ट सॅसचा रन वगळला जातो. दोन्ही रेपोंच्या काँट्रिब्यूटिंग आणि रीडमी फाइलींत हे लिहिलेलं आहे. वर्णन नंतर बदललं असेल तर सीआय पुन्हा चालवायला लागतो हेही लक्षात ठेवा, मी एकदा ते न करता जुन्याच लाल रनकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

कोड नसलेल्या कारणांनीही पुल रिक्वेस्ट अडते. डार्ट सॅसमध्ये पहिल्यांदा कोड देताना गूगलच्या सीएलएवर (आपला कोड वापरायची परवानगी देणाऱ्या करारावर) सही करावी लागते, ती नसेल तर टेस्ट कितीही हिरव्या असू देत. वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल असेल तर चेंजलॉगमध्ये नोंद हवी. आणि भाषेचं वागणंच बदलणार असेल तर कोड लिहायच्या आधी भाषेच्या रेपोत प्रस्ताव जातो, तो मान्य झाला की पुढचं. हा क्रम उलटा केलात तर महिनाभराचं काम तसंच पडून राहतं, त्यापेक्षा सुरुवात बग दुरुस्तीपासून करा, तिथे हा सगळा सोपस्कार नसतो.

एवढं सगळं करूनही लाल असेल तर

मग बहुधा खरंच बग आहे, अभिनंदन. आता इश्यू लिहा, पण प्रोजेक्टची अख्खी स्टाइलशीट चिकटवू नका. निम्मी उडवा, अजूनही होतंय का बघा, होत असेल तर उरलेल्यातली निम्मी उडवा, नसेल तर उडवलेली परत आणून दुसरी निम्मी उडवा. आठ-दहा फेऱ्यांत हजार ओळींच्या चार-पाच ओळी होतात. मग त्यासोबत द्या: इनपुट, आलेलं आउटपुट, अपेक्षित आउटपुट, व्हर्जन, आणि कंपायलर एनपीएमचा सॅस पॅकेजवाला की सॅस-एम्बेडेडवाला की थेट डार्टचा. शेवटचं लोक हमखास गाळतात. व्हर्जन विचारल्यावर डार्ट-टू-जेएस असं काही दिसलं तर जावास्क्रिप्टवाला चालतोय, ती ओळ जशीच्या तशी कॉपी करा.

आणि कोणी नोड-सॅसवरचा बग घेऊन आलात तर तो आधी डार्ट सॅसवर होतो का बघा. नोड-सॅस लिबसॅसवर उभी आहे, तिथे दुरुस्ती आता कोणी करणार नाही.

चार ओळींचं ते इनपुट हातात आहे म्हणजे स्पेक जवळपास लिहून झालीच. एचआरएक्समध्ये टाका, अपेक्षित आउटपुट हाताने विचार करून लिहा, रनरकडून नाही, आणि दुरुस्ती करायला जमत नसेल तरी इश्यूमध्ये ती तशीच चिकटवा. ज्याला दुरुस्ती जमते त्याचं पहिलं काम तेच असतं.